खजिना कुठे आहे, बाबा?

आमच्या वस्तीत एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला, की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर दोन-चार दिवसांत त्या घरचा मुलगा कापडी पिशवी घेऊन आमच्या दारात उभा राहतो. पिशवीत बँकेचे पासबुक असते, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद असतात, रेशनकार्ड, लाइटबिल आणि कधी कधी गावाकडच्या जमिनीचा चुरगळलेला सातबाराही असतो. आम्ही बी.कॉम. झालेलो, दिवसभर कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी विहारात असतो. त्यामुळे लोकांचे फॉर्म भरून देण्याचे काम आपोआपच आमच्याकडे आले. मोबदला म्हणाल तर एक कप चहा. तोही आम्ही आनंदाने घेतो.

या कामात एक गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली आहे. फॉर्म भरून झाला, की मुलगा आवाज खाली आणून विचारतो, “साहेब, बाबांनी आणखी कुठं काही ठेवलं असेल का हो?” आणि दुसऱ्या दिवशी त्याचाच भाऊ वेगळी पिशवी घेऊन येतो. त्याचाही प्रश्न तोच असतो. दोघे एकाच खोलीत राहतात, एकाच मोरीवर अंघोळ करतात, पण आमच्याकडे येतात ते वेगवेगळ्या दिवशी!

वाचकहो, हा प्रश्न आजचा नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एका राजपुत्राने आपल्या जिवंत बापाला हाच प्रश्न विचारला होता. बापाने त्याला खरे उत्तर दिले, मुलाला ते कळले नाही आणि बापाचा जीव गेला. एक भाऊ समुद्रापलीकडे परागंदा झाला. दुसरा स्वतःच्याच राज्यात एका उंच खडकावर जाऊन राहिला. ही कथा सिंहलद्वीपाची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची आहे. आमच्या घरातल्या प्रत्येक भावाला ती ठाऊक असावी असे आम्हांस वाटते.

परागंदा मुलगा राजा झाला

श्रीलंकेची जुनी राजधानी अनुराधपूर. सम्राट अशोकाचा पुत्र महिंद आणि कन्या संघमित्ता यांनी धम्म नेला तो याच नगरीत. सख्खा भाऊ आणि सख्खी बहीण, बाप एवढा मोठा सम्राट. पण दोघांनी सिंहासनाकडे पाठ फिरवली आणि चीवर धारण केले. संघमित्तेने नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचे झाड अनुराधपुरात आजही उभे आहे. बहीण-भावाच्या अशा त्यागाने पावन झालेल्या नगरीतच पुढे भावाभावांचे वैर माजले.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात दक्षिणेच्या पांड्य देशातून आलेल्या राजांनी अनुराधपूर जिंकले. एकामागून एक असे सहा राजे तेथे गादीवर बसले. त्या काळात मोरिय कुळातील धातुसेन नावाचा एक मुलगा भिक्खू असलेल्या आपल्या मामाच्या आश्रयाने वाढत होता. नव्या राजाची माणसे त्याच्या मागावर होती. मामाने त्याला दीक्षा दिली, सांभाळले आणि धोका कळताच रातोरात नदीपार नेले. म्हणजे ज्याच्या मुलांची ही कथा आहे, तो बाप स्वतःच लपतछपत वाढलेला होता. पुढे त्याने सैन्य जमवले, एकेका राजाशी झुंज घेतली आणि अनुराधपुराचे राज्य मिळवले. त्याने अठरा वर्षे राज्य केले.

धातुसेनाने विहार बांधले, पण त्याचे सर्वांत मोठे काम पाण्याचे आहे. त्याने कालवापी नावाचा विशाल तलाव बांधला. त्याला आज कलावेव म्हणतात. या तलावापासून अनुराधपुरापर्यंत सुमारे ५४ मैलांचा, म्हणजे जवळजवळ ८७ किलोमीटरचा कालवा खोदला गेला. या कालव्याच्या पहिल्या सतरा मैलांत दर मैलाला उतार अवघा सहा इंचांचा आहे असे सांगतात. सहा इंच म्हणजे आपली एक वीत देखील भरत नाही! पाणी थांबता कामा नये आणि धावता कामा नये, वाटेतल्या गावांचीही तळी भरत त्याने सावकाश पुढे जावे, अशी ती योजना. आजच्यासारखी यंत्रे नसताना ज्या कामगारांनी आणि मोजणीदारांनी हे केले त्यांची नावे कुठल्याही ग्रंथात नाहीत. राजाचे नाव राहिले, एवढेच.

दोन आयांचे दोन मुलगे

धातुसेनाला दोन मुलगे होते, कस्सप आणि मोग्गलान. दोघांच्या आया वेगळ्या. कस्सपाची आई राजाच्या बरोबरीच्या कुळातील नव्हती, मोग्गलानाची होती. त्यामुळे गादीचा वारस मोग्गलान, हे जणू जन्मतःच ठरलेले. कस्सपाच्या अंगी काय गुण आहेत किंवा मोग्गलानाच्या अंगी काय दोष आहेत हे कुणी पाहिले नाही. आईचे कूळ पाहिले आणि निकाल लागला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवली की काय होते हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ते विष राजवाड्याच्या चौकटीआडही तेच काम करते.

राजाला एक मुलगीही होती, जिवापाड लाडकी. तिचे लग्न त्याने आपल्या बहिणीच्या मुलाशी, मिगार नावाच्या सेनापतीशी लावले. मिगाराने काही अपराध नसताना तिला चाबकाने फोडून काढले. लेकीचे रक्ताने माखलेले वस्त्र राजाच्या दृष्टीस पडले. आता कोणत्या बापाचे रक्त खवळणार नाही? परंतु धातुसेनाने मारणाऱ्या जावयाला शिक्षा केली नाही. त्याने जावयाच्या आईला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, जाळून मारले!

भगिनींनो, हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. चाबूक उगारला पुरुषाने, संतापला पुरुष, सूड घ्यायचा पुरुषाला. आणि अंगावर वळ उठले एका बाईच्या आणि जिवंत जळली दुसरी बाई. धातुसेन थोर बांधकाम करणारा राजा होता हे खरे, पण हे कृत्य त्याच्या नावावर आहे आणि पुढचा सगळा अनर्थ येथूनच सुरू झाला. मिगाराने मनात डूख धरला. राजवाड्यात दुखावलेला आणखी एक जण कोण, हे त्याने बरोबर हेरले. तो कस्सपाकडे गेला.

ओंजळभर पाणी

कस्सपाने मिगाराच्या साह्याने बापाला कैद केले आणि तो स्वतः राजा झाला. मोग्गलान जीव वाचवण्यासाठी जम्बुद्वीपाला, म्हणजे आपल्या भारतात, पळून आला.

गादी मिळाली, पण मिगाराचे समाधान झाले नाही. त्याने कस्सपाच्या कानी घातले, की म्हाताऱ्याने खजिना कुठेतरी दडवला आहे आणि तो मोग्गलानासाठी राखून ठेवला आहे. झाले! कस्सपाने बापाकडे माणसे पाठवून विचारणा सुरू केली. खजिना कुठे आहे?

धातुसेन काही दिवस गप्प राहिला. मग त्याने निरोप धाडला, की मला कालवापी तलावावर घेऊन चला, तेथे दाखवतो. त्याला एका मोडक्या गाडीतून नेण्यात आले. वाटेत गाडीवान लाह्या खात होता. त्यातल्या थोड्या त्याने कैदी राजाला दिल्या. राजाने त्या खाल्ल्या आणि त्याला इतका आनंद झाला की त्याने तेथल्या तेथे मोग्गलानाच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली: या माणसाला द्वारपालाची नोकरी द्यावी. ज्याच्या हातात आता काहीच नव्हते त्या माणसाने मूठभर लाह्यांची अशी परतफेड केली.

तलावाकाठी राजाचा जुना स्नेही असलेला एक भिक्खू राहत असे. त्याने आपल्या भिक्षेतला घास राजाला दिला. दोघे बोलत बसले. मग धातुसेन पाण्यात उतरला, डुंबला, पोटभर पाणी प्याला आणि राजाच्या शिपायांकडे वळून त्याने सांगितले, की माझी सगळी दौलत ती हीच.

हे उत्तर ऐकून कस्सप संतापला. बाप आपली थट्टा करतो असे त्याला वाटले. बापाने थट्टा केली नव्हती. राज्याच्या तिजोरीत येणारे सारे धान्य ज्या पाण्यावर पिकत होते ते पाणी त्याने दाखवले होते. याहून प्रामाणिक हिशेब कोणता? आम्ही हिशेबाचे विद्यार्थी आहोत म्हणून सांगतो, धंद्यात शिल्लक रोकड किती हे पाहणारा नेहमीच भेटतो. रोकड कशातून उभी राहिली हे पाहणारा क्वचित भेटतो.

कस्सपाने बापाला मारण्याची आज्ञा मिगाराला दिली. मिगार अंगावर दागिने घालून, नटूनथटून कैद्यासमोर येरझाऱ्या घालू लागला. धातुसेनाने त्याचा हेतू ओळखला. ज्या माणसाच्या आईला आपण जाळले तोच समोर उभा आहे, हे त्याला दिसत होते. तरी त्याने एवढेच म्हटले, की माझ्या मनात मोग्गलानाविषयी जी भावना आहे तीच तुझ्याविषयी आहे. मिगार हसला. त्याने राजाला विवस्त्र केले, साखळ्यांनी जखडले आणि भिंतीत चिणून वरून गिलावा केला.

धातुसेनाच्या अशा मरणाचे कारण ग्रंथ असे सांगतो, की तलावाचा बांध घालताना एक भिक्खू ध्यानस्थ बसला होता. त्याला उठवता येईना, तेव्हा राजाने त्याच्यावर माती लोटली. ज्याने दुसऱ्याला मातीत गाडले तो स्वतः भिंतीत गाडला गेला! कर्माचा हिशेब असा जुळवून सांगणे ग्रंथकारांना आवडते. आम्ही मात्र त्यातून एवढेच घेतो, की मोठे काम करणाऱ्यानेही कामाच्या घाईत माणसाला तुडवू नये.

खडकावरची अठरा वर्षे

आता कस्सपाकडे वळू. बाप गेला, भाऊ देशाबाहेर, राज्य हाती. सुखाने राहायला काय हरकत होती? पण त्याला झोप येईना. त्याने भावाला मारण्यासाठी आचारी आणि घोड्यांचा मोतद्दार यांना पाठवले. त्यांना ते जमले नाही. तेव्हा तो भ्याला आणि अनुराधपूर सोडून सिंहगिरीला गेला. हेच जगप्रसिद्ध सिगिरिया.

घनदाट रानातून सरळ वर आलेला हा खडक सुमारे १८० मीटर उंच आहे. कस्सपाने त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. वर जाण्याचा जिना एका प्रचंड सिंहाच्या आकृतीतून जात असे. आज त्या सिंहाचे केवळ दोन पंजे उरले आहेत. पायथ्याशी पाण्याच्या बागा केल्या. तेथली कारंजी केवळ उताराच्या जोरावर उडत आणि पावसाळ्यात त्यांतली काही आजही उडतात. बापाचे जलविद्येचे ज्ञान मुलाच्या राज्यात वाया गेले नव्हते. फरक एवढाच, की बापाने ते शेताकडे वळवले आणि मुलाने बागेकडे.

खडकाच्या कपारीत रंगवलेल्या स्त्रियांची चित्रे आजही टिकून आहेत. ती पाहून जाणकारांना आपल्या अजिंठ्याची आठवण होते. त्यात नवल नाही, कारण अजिंठ्याची वाकाटककालीन लेणीही त्याच पाचव्या शतकातील. जवळच आरशासारखी गुळगुळीत केलेली भिंत आहे. पुढच्या काळात आलेल्या प्रवाशांनी तिच्यावर कविता कोरल्या. त्यांतल्या ६८५ कविता श्रीलंकेचे संशोधक परणवितान यांनी वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. युनेस्कोने १९८२ साली सिगिरियाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

हे सारे वैभव खरे. पण जरा त्या माणसाच्या मनात डोकावून पाहा. त्याने धर्मकृत्ये कमी केली नाहीत. चारी दिशांना आमराया लावल्या, दान दिले, उपोसथ पाळला, ग्रंथांच्या नकला करवल्या. एक विहार मोठा करून त्याने त्याला आपले आणि आपल्या दोन मुलींचे नाव दिले आणि तो भिक्खूंना अर्पण करायला निघाला. भिक्खूंनी तो घेण्यास नकार दिला! बापाचा जीव घेणाऱ्याचे दान घेतले तर लोक नावे ठेवतील, असे त्यांना वाटले. शेवटी राजाने तो विहार बुद्धमूर्तीला अर्पण केला, तेव्हा आपल्या शास्त्याची मालमत्ता म्हणून भिक्खूंनी तो स्वीकारला.

दानपेटीत मोठी रक्कम टाकली की मागचे खाते बंद होते, असे समजणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. सर्वाधिकारी राजाचेही दान भिक्खूसंघाने सहजासहजी हातात घेतले नाही.

मोग्गलान परदेशात निर्वासित होता, पण त्याला मित्र होते, फिरायला मोकळी वाट होती. कस्सप आपल्याच देशात होता आणि खडकावरून खाली पाहताना त्याला रोज वाटत असेल, की समुद्राकडून कुणी येते आहे. आम्हांस विचाराल तर या कथेत हद्दपारी दोघांच्याही वाट्याला आली.

चिखलापाशी वळलेला हत्ती

अठराव्या वर्षी मोग्गलान बारा मित्रांना बरोबर घेऊन परतला. सैन्य गोळा झाले. कस्सपही खडकावरून उतरून मैदानात आला. दोघे भाऊ समोरासमोर ठाकले. कस्सप हत्तीवर होता. पुढे दलदल दिसली म्हणून त्याने हत्ती जरा बाजूला वळवला. मागच्या सैन्याला वाटले, राजाने पाठ फिरवली. सैन्याची एकच पळापळ झाली. क्षणभरात कस्सप एकटा पडला. त्याने कट्यार काढली, स्वतःच्या गळ्यावर फिरवली, उंच उचलली आणि म्यानात घातली. ग्रंथात त्याचा मृत्यू असा वर्णिला आहे. मोग्गलानाने भावाचे अंत्यसंस्कार केले.

एक हत्ती चिखलापाशी वळतो आणि राज्य जाते, हे कसे? आम्हांस वाटते, ते सैन्य आधीपासूनच वळायला तयार होते. भीतीवर उभे केलेले राज्य निमित्ताची वाट पाहत असते.

मोग्गलान जिंकला, पण तो लगेच शांत झाला असे नाही. कस्सपाला साथ देणाऱ्या हजारावर लोकांवर त्याने सूड उगवला. कुणाला ठार केले, कुणाचे नाक-कान कापले. लोक त्याला राक्षस म्हणू लागले. पुढे धम्म ऐकून तो निवळला. त्याने आपले राजछत्र भिक्खूसंघाला अर्पण केले आणि संघाने ते त्याला परत दिले. समुद्रकिनाऱ्यावर त्याने पहारे बसवले. आपण ज्या वाटेने आलो त्याच वाटेने दुसरा कुणी येऊ शकतो, हे त्याच्याइतके कुणाला कळणार?

आणि तसेच झाले. मोग्गलानानंतर त्याचा मुलगा गादीवर आला. नातवाचे राज्य जेमतेम नऊ महिने टिकले. त्याला त्याच्या मामाने मारले आणि त्या मामाला पंचवीस दिवसांत दुसऱ्या नातलगाने मारले. पन्नास वर्षे होण्यापूर्वीच आणखी तीन भावांत वैर पेटले. एकाने धाकट्याला ठार करून गादी घेतली आणि थोरला त्याला हत्तीवरून द्वंद्वाचे आव्हान द्यायला उभा राहिला. या वेळीही हरलेल्याने स्वतःच्या हाताने जीव दिला. कस्सप-मोग्गलानाच्या गोष्टीवरून त्यांच्या घराण्यात कुणी काही शिकले नाही.

ग्रंथ कुणी लिहिला?

येथे चिकित्सक वाचक विचारील, की हे सगळे खरे कशावरून? प्रश्न योग्य आहे. ही हकिगत ‘चूळवंस’ या पाली ग्रंथात आली आहे. तो कित्येक शतकांनंतर रचला गेला आणि इतिहास बहुधा जिंकणाऱ्याच्या बाजूने लिहिला जातो. कस्सपाची बाजू मांडणारा ग्रंथ नाही. त्याच्या कारकिर्दीचा काळ इसवी सन ४७७ ते ४९५ असा धरतात. तो एवढाच दुष्ट होता, की त्यालाही काही सांगायचे होते, हे सिगिरियाचा खडक सांगत नाही.

ग्रंथात आहे म्हणून अक्षर न् अक्षर मानायचे नाही, हे आम्हांला तथागतांनीच शिकवले आहे. सम्राट अशोकाने नव्व्याण्णव भाऊ मारले असे ‘महावंस’ सांगतो. पण अशोकाच्या पाचव्या शिलालेखात त्याच्या भावा-बहिणींच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. भाऊ सगळे मारले असते तर ही घरे कुणाची? तेव्हा कथा ऐकावी, तिच्यातला बोध घ्यावा आणि डोळे उघडे ठेवावेत.

एक साक्षीदार मात्र ग्रंथाहून भक्कम आहे. कलावेव तलाव आजही आहे. मधल्या काळात तो फुटला, रान माजले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज अमदानीत त्याची दुरुस्ती झाली. त्याच्या पाण्यावर आजही शेती पिकते. जवळच अवुकन येथे अखंड खडकात कोरलेली सुमारे चाळीस फूट उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे. तीही धातुसेनाच्याच काळातली असे परंपरा मानते. सिगिरियाच्या माथ्यावर राजवाड्याचे नुसते चौथरे राहिले. कस्सपाला जो खजिना दिसला नाही तो मात्र दीड हजार वर्षांनंतरही लोकांच्या ताटात भात होऊन येतो आहे.

आमच्या घरी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो, म्हणून आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटले, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि आपल्या कुटुंबाला शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करला, असे बाबासाहेबांनी त्या ग्रंथात मांडले आहे. देश सोडणे तेथेही आहे. पण तेथे आप्तांचा जीव घेऊन राज्य मिळवण्याऐवजी आप्तांचा जीव वाचवून राज्य सोडले गेले. म्हणूनच तो माणूस जगाचा झाला.

पासबुकातला जून महिना

इतका उपदेश करून झाल्यावर आता स्वतःचे सांगणे आम्हांस भाग आहे.

आमचे वडील एका कारखान्यात हेल्पर होते. अकरा वर्षांपूर्वी ते आजारी पडले. दवाखान्यातल्या खाटेशेजारी आम्ही आणि आमचा धाकटा भाऊ उभे होतो. वडिलांना धाप लागली होती आणि आम्ही त्यांना विचारले, “बाबा, पासबुक कुठं ठेवलंय?” औषधाला पैसे लागतील म्हणून विचारले, असे आम्ही पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. पण धाकट्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आम्ही विसरलो नाही. वडील गेले. दहा बाय बाराच्या खोलीवरून शब्दाने शब्द वाढला. फॉर्म आम्हीच भरले होते, कारण दुसऱ्यांचेही आम्हीच भरतो. खोली आमच्या नावावर झाली. धाकटा दुसऱ्या गावी भाड्याने राहायला गेला, तो पुन्हा आला नाही.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी आम्ही ते जुने पासबुक काढून पहिल्यांदाच नीट वाचले. शिल्लक किती हे ठाऊकच होते. तेव्हा त्याचीच तर निराशा झाली होती. या वेळी आम्ही पैसे काढल्याच्या नोंदी वाचल्या. दरवर्षी जून महिन्यात पैसे काढलेले. एकही वर्ष चुकलेले नाही. जून म्हणजे शाळा उघडायचा महिना: फी, वह्या, पुस्तके आणि पावसाळी चपला. पुढे कॉलेजची फी आली तेव्हा रक्कम वाढली. ज्या वर्षी आम्ही बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो त्या जूनमध्ये खात्यात जेमतेम काही रुपये राहिले होते. त्याच वर्षी धाकट्याने बारावीनंतर शिक्षण सोडून कामाला सुरुवात केली होती. या दोन गोष्टी आम्ही आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

बाबांनी पैसे कुठे ठेवले हे आता आम्हांला कळले. आमच्या डोक्यात ठेवले. धाकट्याच्या वाट्याचेही आमच्याच डोक्यात ठेवले.

खोलीचे काय करायचे ते दोघांनी बसून ठरवायचे आहे. येथे छापून मोठेपणा मिरवण्याची ती गोष्ट नव्हे. परवा रात्री आम्ही त्याला फोन लावला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “दादा, वहिनी बरी आहे ना?” वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमाला येतो म्हणाला आहे.

पासबुक आम्ही कपाटातून काढून वर ठेवले आहे. तो आला की आधी चहा, मग ते त्याच्या हातात द्यायचे आणि जून महिन्यांवर बोट ठेवून दाखवायचे.

वाचक बंधूंनो, तुमच्याही घरात असे एखादे पासबुक असेल. भावाला वेगळ्या दिवशी पिशवी घेऊन आमच्याकडे धाडू नका. दोघे मिळून या. फॉर्म आम्ही भरून देऊ.

जयभीम.